ऊसतोड स्थलांतर आणि मुलांची शाळा : मोजणी करू की मुलाखती घेऊ? (सिनॉप्सिससाठी सल्ला हवा)

पाटीपेन्सिल

शिक्षणशास्त्रातल्या पीएचडीचा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) तयार होतोय. विषय ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांची शाळा, क्षेत्र बीड जिल्ह्यातले दोन तालुके. सध्याचं शीर्षक : 'ऊसतोड स्थलांतराचा मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम : एक अभ्यास'. हातात १८ महिने. माणसं तीन : मी आणि दोन मदतनीस.

समितीत दोन मतं आहेत. एक मत असं की संख्यात्मक करा, ३०० चा नमुना घ्या, पाच बिंदूंची सहमत-असहमत मापनी लावा, काम सुटसुटीत होईल. दुसरं मत असं की हा विषय आकड्यांत मावणारा नाही, गुणात्मक करा, २०-२५ मुलाखती पुरतील.

नेमकं विचारायचं ते असं : निवड कशावरून करायची? ३०० किंवा २५ हे आकडे येतात कुठून? आणि दोन्ही पद्धती घेतल्या तर १८ महिन्यांत उरकेल का?

छेदअंश

३०० कुठून आले याचं उत्तर बहुतेक वेळा 'आधीच्या प्रबंधातून' एवढंच असतं. त्याकडे नंतर येऊ, आधी शीर्षक बघा.

'परिणाम' हा शब्द लिहिलात की तुम्ही कार्यकारणाचा दावा केला. म्हणजे स्थलांतर झालं नसतं तर याच मुलांचं काय झालं असतं, हे दाखवण्याची जबाबदारी अंगावर आली. जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या घरांची तुलना करून ते दिसत नाही, कारण ती घरं मुळातच वेगळी असतात. जाणाऱ्याकडे जमीन कमी, पाणी नाही, मागच्या हंगामाची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटलेली नाही. मुलाच्या शाळेवर या सगळ्याचाही भार पडतोच. मग तुमच्या कोष्टकातला फरक स्थलांतराचा की कोरडवाहू दोन एकराचा? तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच येईल.

दुसरं, या एका शीर्षकात निदान चार प्रश्न दडलेत :

किती मुलं आईबापांबरोबर जातात आणि किती गावात राहतात?
गावात राहिलेली मुलं दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष किती दिवस वर्गात असतात?
कोणतं मूल न्यायचं आणि कोणतं ठेवायचं हे घरात कसं ठरतं?
गावात हंगामी वसतिगृह (आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवण्याची सोय) असूनही मूल का नेलं जातं?

पहिले दोन मोजायचे आहेत, पुढचे दोन विचारायचे आहेत. तिसऱ्या प्रश्नाला चार पर्यायांची चौकट दिलीत तर तुमच्या मनातलेच चार पर्याय परत मिळतील. आणि पहिल्या प्रश्नाला २५ मुलाखती घेतल्यात तर 'बरीच मुलं जातात' याच्या पुढे सरकता येणार नाही. पद्धत विषयाला चिकटलेली नसते, प्रश्नाला असते. प्रत्येक उद्दिष्टापुढे लिहून बघा : शेवटी मला कोणतं वाक्य लिहायचंय? वाक्यात 'शंभरातली इतकी' असेल तर मोजा. 'अशा घरात असं होतं, कारण' असं असेल तर बसून ऐका.

ओसरी

छेदअंश यांच्याशी सहमत. एकच जोड : 'गुणात्मक' या शब्दाने आपल्याकडे फार घोळ केलाय. अर्ध्या सिनॉप्सिसमध्ये गुणात्मक म्हणजे गुणवत्तेचा अभ्यास असं गृहीत धरलेलं असतं, उरलेल्यांत गुणात्मक म्हणजे आकडेमोड नको असणाऱ्यांची सोय. दोन्ही चूक. मुलाखतींचं काम सर्वेक्षणापेक्षा हलकं नसतं, त्याचा भार फक्त शेवटी येतो.

हिशोब देते. एक मुलाखत सरासरी ५० मिनिटं धरली तर २४ मुलाखती म्हणजे २० तासांचं ध्वनिमुद्रण. एक तास ऐकून शब्दशः उतरवायला चार ते सहा तास जातात. पाच धरा, शंभर तास झाले. कोपीवर (तोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर) घेतलेल्या मुलाखतीत मागे ट्रॅक्टर, वारा आणि रडणारं तान्हं मूल असतं, तिथे सहाच्या वर जातं. मग कोड लावणं (उताऱ्यांना विषयवार खुणा करणं), दर मुलाखतीला दोन-तीन तास. ते एकदाच करून भागत नाही.

मीटरफूट

नमुन्याचा आकडा मी मांडतो.

एकच प्रमाण काढायचं असेल, उदाहरणार्थ 'किती मुलं बरोबर जातात', तर नेहमीचं सूत्र : १.९६ चा वर्ग × ०.५ × ०.५ ÷ ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६, म्हणजे ३८५. सगळीकडे दिसणारा ३८४-३८५ तो हाच. पण तो साध्या यादृच्छिक नमुन्याचा आहे, म्हणजे दोन तालुक्यांतल्या सगळ्या मुलांची एकच यादी करून चिठ्ठ्या काढल्यासारखा. तसं कुणी करत नाही. आपण आधी गावं काढतो, मग गावात घरं. एका गावातली मुलं एकमेकांसारखी असतात : शाळा तीच, मुकादम (टोळी नेणारा ठेकेदार) तोच, वसतिगृह असलं तर सगळ्यांना असतं. त्यामुळे गावातल्या दहाव्या मुलाकडून मिळणारी नवी माहिती पहिल्यापेक्षा कमी असते. ही घट भरून काढायला डिझाइन इफेक्टने गुणायचं : १ + (गावातली मुलं − १) × गटांतर्गत सहसंबंध, म्हणजे एका गावातली मुलं एकमेकांसारखी किती याचं माप. सहसंबंध ०.०५ धरला तर गावात १० मुलं घेतल्यास १.४५ आणि २० घेतल्यास १.९५. म्हणजे ३८५ चे ५५९ किंवा ७५१ होतात. गावं कमी आणि गावात मुलं जास्त हा प्रवासखर्च वाचवण्याचा उपाय नमुन्याच्या बाजूने महाग पडतो.

तुमचा खरा प्रश्न मात्र तुलनेचा दिसतो : वसतिगृह असलेली गावं आणि नसलेली. तिथे सूत्र वेगळं. समजा वसतिगृह नसताना १०० पैकी ४० मुलं बरोबर जातात आणि असताना २५, हा फरक पकडायचा आहे. ही आकडेवारी नाही, गृहीत धरलेले आकडे आहेत, तुमचे पायलटमधून (आधीच्या छोट्या चाचणी पाहणीतून) काढा. तर ७.८४ × (०.४ × ०.६ + ०.२५ × ०.७५) ÷ ०.१५ चा वर्ग. येतात १४९, एका गटाचे. यातले ७.८४ म्हणजे ९५ टक्के खात्री आणि ८० टक्के सामर्थ्य (खरा फरक असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) यांचा गुणक. १.४५ ने गुणा, २१७. दहातलं एक मूल निसटेल म्हणून ०.९ ने भागा, २४२. दोन गट मिळून ४८४.

आता मांडणी : दोन्ही प्रकारची प्रत्येकी २५ गावं, गावात साधारण १० मुलं, एकूण ५००. एका घरात सहा ते चौदा वयाची सरासरी पावणेदोन मुलं निघाली तर गावात सहा घरं पुरतात. म्हणजे ३०० घरं. समितीतले ३०० शेवटी आलेच, फक्त आता त्यांच्यामागे कारण आहे. घरात एकच मूल निवडून वेळ वाचवू नका. 'भावंडांत कोण गेलं' हाच प्रश्न असताना भावंडंच गाळली तर उरतं काय?

पाटीपेन्सिल

हे फारच उपयोगी आहे. गावं निवडायची कशी? २०११ ची जनगणना चालेल का?

मीटरफूट

गावं निवडायला चालते, घरं निवडायला नाही.

दोन्ही प्रकारच्या गावांच्या दोन वेगळ्या याद्या करा. प्रत्येक गावापुढे लोकसंख्या आणि तिच्यापुढे चढती बेरीज. समजा एका यादीची एकूण बेरीज ५०,००० आली, गावं २५ हवीत, तर अंतर २,०००. १ ते २,००० मधला एक यादृच्छिक आकडा काढा, समजा १,३७० आला. ज्या गावाच्या चढत्या बेरजेत १,३७० बसतो ते पहिलं गाव, मग ३,३७०, ५,३७० असं पुढे. मोठ्या गावाला जास्त संधी मिळते, आणि प्रत्येक गावात सारखीच घरं घेतल्याने एकंदरीत तोल राहतो. एक मेख आहे : इथे लोकसंख्या सगळ्या गावाची, आणि तुम्हाला हवी फक्त तोडीला जाणारी घरं. हे प्रमाण गावागणिक बदलतं. म्हणून गावातली पात्र घरं किती निघाली हा आकडा जपून ठेवा, शेवटी भार लावताना तोच लागतो.

जनगणनेची गणना जशी जुनी होत जाते तशा वस्त्या आणि तांडे तुटून वेगळे झालेले असतात. तांडा महसुली गावात मोजलेला असतो, प्रत्यक्षात तीन किलोमीटरवर. मदतनीस गावठाणात फिरून परत येतो आणि नेमकी तोडीला जाणारी घरं राहून जातात.

कुलूपकिल्ली

या विषयात सगळ्यात जास्त माती होते ती तारखेमुळे. पद्धत निवडण्याआधी भिंतीवर कॅलेंडर लावा.

गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. दसऱ्याच्या आसपास गाड्या भरायला लागतात, दिवाळीनंतर वस्त्या ओस. डिसेंबरात सर्वेक्षणाला गेलात तर तुमच्या नमुन्यातल्या घरांना कुलूप असतं. मदतनिसाला शिकवलेलं असतं की कुलूप दिसलं तर शेजारचं घर घ्या. शेजारचं उघडं घर म्हणजे न गेलेलं घर. दिवसाला सहा फॉर्म पूर्ण होतात, कोष्टकं सुंदर येतात, आणि ज्यांच्यावर अभ्यास करायचा तीच माणसं त्यात नसतात. हा दोष नमुना वाढवून जात नाही. ३०० ऐवजी ३,००० घरं घेतलीत तर चुकीचा आकडा जास्त आत्मविश्वासाने छापाल, एवढंच.

याचं जाहीर उदाहरण आहेच. राज्यात ४ जुलै २०१५ ला शाळाबाह्य मुलांचं एकदिवसीय सर्वेक्षण झालं होतं. जुलैत तोडीचा माणूस गावातच असतो, मुलाचं नाव पटावर असतं, मूलही वर्गात असतं. त्या दिवशी ते शाळाबाह्य नाहीच. डिसेंबरात तेच मूल फडाच्या कडेला धाकट्याला सांभाळत बसलेलं असेल. एका दिवसाच्या फोटोत हंगाम मावत नाही, मोजणी कितीही प्रामाणिक असो.

म्हणून घरयादी ऑगस्टमध्ये करा. अंगणवाडीचं रजिस्टर, आशाताईंची यादी आणि शाळेचा पट, तिन्ही ताडून बघा. एकावर विसंबू नका. पात्र घर म्हणजे ज्यातला निदान एक प्रौढ मागच्या हंगामात तोडीला गेला होता आणि ज्यात सहा ते चौदा वयाचं मूल आहे. ही व्याख्या फॉर्मच्या वर छापा, नाहीतर प्रत्येक मदतनीस आपापली लावतो.

छेदअंश

+१. आणि 'हजेरी' म्हणजे काय तेही आत्ताच ठरवा. हजेरीपत्रकातली हजेरी आणि वर्गातली डोकी या दोन वेगळ्या राशी आहेत. पत्रकावर पोषण आहाराचा हिशोब उभा असतो, त्यामुळे ते भरताना हात सढळ राहण्याचं कारण आधीच तयार असतं. न कळवता दोनदा जा, जानेवारीत एकदा आणि फेब्रुवारीत एकदा, दुपारच्या जेवणानंतर शिरगणती करा, नावानिशी. ५० गावं दोनदा म्हणजे १०० भेटी. पत्रकाचा आकडाही उतरवून घ्या, दोन्हींतली तफावत हाच एक निष्कर्ष होऊ शकतो. फक्त तो शाळेचं नाव घालून लिहू नका.

वसतिगृहाचंही तसंच. 'मूल वसतिगृहात आहे का? हो / नाही' असा एक प्रश्न पुरत नाही. कित्येक गावांत हंगामी वसतिगृह म्हणजे शाळेत मिळणारं दोन वेळचं जेवण, झोपायला मूल आजीकडे. तीन वेगळे प्रश्न करा : काल रात्री कुठे झोपलं, काल संध्याकाळी कुठे जेवलं, आजारी पडलं तर कोण बघतं.

ओसरी

आता माझ्या बाजूचं जरा सविस्तर.

नमुना इथेही असतो, फक्त चिठ्ठ्यांचा नसतो. विविधता ठरवून निवडायचा असतो. दोन गोष्टी घ्या ज्यांनी निर्णय बदलू शकतो : घरात मागे राहणारं म्हातारं माणूस आहे की नाही, आणि मोठं अपत्य मुलगी आहे की मुलगा. चार कप्पे झाले, प्रत्येकात चार घरं, सोळा. त्यांत तीन मुकादम, तीन शिक्षक आणि नातवंडं सांभाळणाऱ्या दोन आज्या मिळवा. चोवीस. हा २४ असा बांधून आलेला आहे. 'संपृक्तता येईपर्यंत', म्हणजे नवं काही निघेनासं होईपर्यंत, असं नुसतं लिहून सोडू नका. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी २००६ मध्ये घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासून दाखवलं की बहुतेक कोड पहिल्या १२ मुलाखतींतच आले होते. पण त्यांचा गट बराच एकजिनसी होता आणि प्रश्न ठरलेले होते. मुकादम आणि आजी यांना एका पिशवीत घालून '१२ पुरतात' म्हणता येत नाही.

प्रश्न कसा विचारायचा ते बघा. 'मुलाला शाळेत का ठेवत नाही?' असं विचारलंत तर उत्तर येईल, "परिस्थिती नाही." सर्वेक्षणात ही 'आर्थिक कारण' वर खूण झाली आणि विषय संपला. पण 'परिस्थिती' या एका शब्दात काय काय गुंडाळलेलं असतं! सासू वारली. थोरली वयात आली, तिला मागे ठेवायला जीव होत नाही. धाकटं अंगावर पितंय आणि फडात त्याला धरायला कोणीतरी हवं. मुकादमाकडून उचल घेताना पूर्ण कोयता, म्हणजे नवरा-बायको दोघं, असं कबूल केलंय, बाईला मागे राहता येत नाही. यातल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

म्हणून 'का' विचारू नका. दिवस विचारा :

गेल्या वर्षी गाडी कुठल्या दिवशी आली?
त्या सकाळी घरात कोण कोण होतं?
गाडीत कोण बसलं, मागे कोण राहिलं?
हे आधी कधी ठरलं होतं? त्या दिवशी बदललं का?
मागे राहिलेल्याचं पहिल्या आठवड्यात काय झालं?

शेवटच्या प्रश्नानंतर गप्प बसा. दहा सेकंद फार वाटतात, पण मदतनीस पाचव्या सेकंदाला "म्हणजे आजीला झेपलं नाही ना?" असं म्हणतो आणि मग ते उत्तर त्याचंच असतं.

मुलाखत गावात घ्या आणि कोपीवरही घ्या. कोपीवर मुकादम येऊन बसतो, चहा मागवतो, स्वतःच उत्तरं देतो. त्याला उठवता येत नाही. त्याची मुलाखत आधी घ्या, वेगळी, मान देऊन. मग बाईशी बोलायला वाढे (उसाचे शेंडे) बांधण्याची किंवा पाण्याची वेळ गाठा. खाडे (कामावर न आल्याचे दिवस) आणि उचलीबद्दल त्याच्या देखत एक अक्षर विचारू नका. तुम्ही संध्याकाळी निघून जाता, तिला एप्रिलपर्यंत तिथेच राहायचं असतं.

मुलांशी बोलणार असाल तर आईबापांची संमती आणि मुलाचा होकार दोन्ही लागतात. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात ते बारा वयाला तोंडी होकार आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी असं आहे. आईबाप फडात आणि मूल गावात अशी स्थिती असणार, म्हणून संमती सप्टेंबरच्या भेटीतच घेऊन ठेवा.

मीटरफूट

ओसरी, सगळं मान्य, पण एक तक्रार. गुणात्मक प्रबंधांत '२४ पैकी १८ जणांनी (७५ टक्के) सांगितले' असं वाक्य हमखास सापडतं. तुम्ही निवडच ठरवून केलीत, मग ते ७५ टक्के कशाचे? दोनऐवजी आठ आज्या घातल्या असत्या आणि त्यांनीही तेच सांगितलं असतं तर ते ८० झाले असते.

ओसरी

तक्रार रास्त आहे. टक्के लिहूच नयेत. 'बहुतेक', 'काही' हेही जपून. मुलाखतींतून सांगायचं असतं ते प्रकार आणि अटी : कोणकोणत्या वाटांनी मूल गाडीत बसतं, आणि कोणती गोष्ट बदलली तर बसत नाही. त्यासाठी उलटं उदाहरण मुद्दाम शोधायचं. समजा वाटलं, 'आजी असेल तर मूल मागे राहतं'. तर आजी असूनही नेलेलं घर आणि आजी नसूनही ठेवलेलं घर, दोन्ही शोधा. एक जरी सापडलं तरी विधान नीट घासून निघतं.

कोडची वही कशी दिसावी याचा एक नमुना. कोड : 'थोरलीची राखण'. अर्थ : मुलगी वयात आल्यामुळे तिला मागे ठेवण्याची भीती, असा उल्लेख. यात घ्या : लग्न लवकर उरकण्याचा विचार, नातेवाइकांवर अविश्वास. यात घेऊ नका : धाकट्याला सांभाळायला थोरली नेली, तो कोड वेगळा. आणि खाली मुलाखतीतली एक ओळ. पहिल्या चार मुलाखती दोघांनी स्वतंत्रपणे कोड करा, मग समोरासमोर बसून भांडा. ८० टक्के जुळलं म्हणून खूश होऊ नका. नुसत्या योगायोगाने ५० टक्के जुळत असेल तर कोहेनचा कॅपा, म्हणजे योगायोग वजा करून उरलेली जुळणी, (०.८ − ०.५) ÷ (१ − ०.५), म्हणजे ०.६ च निघतो.

महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. २४ मुलाखतींना टॅगेट पुरतं, फुकट आहे. सर्वेक्षणाला कोबो, तेही. सॉफ्टवेअर कोड लावून देत नाही, कुठे लावला ते लक्षात ठेवतं.

छेदअंश

आणि ती सहमत-असहमत मापनी? तिच्यावर कोणी बोललंच नाही.

मीटरफूट

मुद्दाम टाळत होतो, पण बोलतो. 'शिक्षणामुळे मुलांचे भविष्य उज्ज्वल होते : पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत.' यावर दिवसभर फडात राबलेली बाई "होय की" यापलीकडे काय म्हणेल? विधान नाकारणं म्हणजे समोरच्या शिकलेल्या माणसाला नाही म्हणणं. 'तटस्थ' समजावून सांगताना मदतनीस स्वतःच उत्तर सुचवतो. मग सगळ्या उत्तरांचा ढीग एका टोकाला जमतो आणि विश्लेषणाला फरकच उरत नाही.

वर 'क्रॉनबाखचा अल्फा ०.७ च्या वर आला' असं अभिमानाने लिहितात. अल्फा म्हणजे मापनीतली उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचं माप, आणि तो प्रश्नांच्या संख्येबरोबर आपोआप चढतो. प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध अगदी क्षीण, ०.२ धरा. पाच प्रश्नांना अल्फा ०.५६, दहांना ०.७१, वीसांना ०.८३. प्रश्न तेच फिरवून फिरवून विचारा, विश्वसनीयता 'उत्तम'. वैधतेचं (मोजायचं तेच मोजलं जातंय का याचं) काय, ते कोण विचारतंय.

मतं विचारण्याऐवजी घडलेलं विचारा, नजीकच्या काळातलं : गेल्या सात दिवसांत मूल किती दिवस शाळेत गेलं, कितीदा धाकट्यासाठी घरी राहिलं.

कुलूपकिल्ली

दोन्ही पद्धती घ्यायच्या तर आधी कोणती, यावर सगळं आहे. इथे मुलाखती आधी हव्यात. १० घरं ऑगस्टमध्ये ऐका. 'परिस्थिती'तून निघालेली सात-आठ कारणं त्यांच्याच शब्दांत प्रश्नावलीत घाला, मग मोजा. उरलेल्या १४ मुलाखती मोजणीनंतर, आणि त्या आकड्यांनी दाखवलेल्या घरांतच. समजा सर्वेक्षणात दिसलं की वसतिगृहाच्या गावांतूनही मुली जास्त नेल्या जातात. तर नेमक्या त्याच घरांत बसा. 'एकीकडे सर्वेक्षण, दुसरीकडे मुलाखती, शेवटी एक प्रकरण त्रिकोणनाचं (दोन्हींचे निष्कर्ष ताडून बघण्याचं)' अशी रचना केलीत तर ते दोन अर्धवट प्रबंध होतात, टाचणीने जोडलेले.

आणि दोन्हींत विसंगती आली तर घाबरून एक बाजू गाळू नका. मोजणी म्हणते मुलगे-मुली सारख्याच हजर, मुलाखती म्हणतात मुली मागे पडतात. मोजमाप तपासा : मुलगी हजर असेल, पण पाणी भरून अकराला येत असेल. हजेरीच्या रकान्यात उशीर दिसत नाही.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. सुधारित आराखडा असा :

शीर्षक : 'ऊसतोड कुटुंबांत मूल नेण्या-ठेवण्याचा निर्णय आणि दुसऱ्या सत्रातील शाळेची उपस्थिती'. 'परिणाम' काढला.
जून-जुलै : परवानग्या, नैतिक समिती, गावांची निवड.
ऑगस्ट : ५० गावांची घरयादी आणि १० मुलाखती.
सप्टेंबर : ३० घरांचं पायलट (नमुन्याबाहेरच्या गावांत), मग ३०० घरं.
जानेवारी-फेब्रुवारी : शिरगणती दोनदा, ८ कोपीवस्त्यांना भेट, १४ मुलाखती.
एप्रिल : पट्टा पडल्यावर (कारखान्याचा हंगाम संपल्यावर) घरोघरी दुसरी फेरी.
पुढचे सात महिने विश्लेषण आणि लेखन.

तपासून सांगा.

मीटरफूट

ऑगस्ट आणि सप्टेंबर फाटतायत. घरयादीला गावाला एक दिवस, दोन मदतनीस वेगवेगळ्या गावांत, म्हणजे २५ दिवस. ३०० घरांना एका मदतनिसाचा दिवस सहा घरं, म्हणजे एक गाव, पुन्हा २५ दिवस. पायलट आणि त्यावरची दुरुस्ती मिळून आठ दिवस, त्यात पोळा, गौरी-गणपती आणि पावसाचे दिवस. दसऱ्याच्या आत बसणार नाही. एक तर त्या दोन महिन्यांपुरते आणखी दोन मदतनीस घ्या, नाहीतर प्रश्नावली ४५ मिनिटांवरून २५ वर आणा. मी दुसरं करेन. मुलाखतींत येणारी 'का'ची सगळी पानं तिथून उडवा. आणि मुलाखती स्वतः घ्या, मदतनिसांवर टाकू नका.

कुलूपकिल्ली

एप्रिलची फेरी काढा. सगळ्या कारखान्यांचा पट्टा एकाच दिवशी पडत नाही. कोल्हापूर-सांगलीकडची टोळी एका तारखेला, बेळगावकडची दुसऱ्या. तुम्ही जाल तेव्हा अर्धी घरं अजून बंद आणि शाळा सुट्टीच्या तोंडावर. १५ जूननंतर जा, शाळा सुरू झाल्या की. लेखनाचे दोन महिने जातील, पण सगळे गावात सापडतील.

त्या फेरीत 'पुढच्या वर्गात नाव आहे का' एवढ्यावर थांबू नका, नाव बहुधा असतंच. 'असर'मध्ये (ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीत) वापरतात तशी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी वाचनाची पायरी सप्टेंबरात एकदा आणि जूनमध्ये एकदा घ्या, मुलामागे पाच मिनिटं. उतारे मात्र दोन वेगळे ठेवा. तोच उतारा पुन्हा पुढे केला की मूल कागदाकडे न बघता घडाघडा म्हणून दाखवतं, आणि मदतनीस 'गोष्ट' वर खूण करून मोकळा होतो.